धर्मा नाखव्याच्या बोटीची बॅटरी

"बॅटरी मेली, ताई."

माझ्या दुकानात येणारं बहुतेक गिऱ्हाईक हेच वाक्य टाकतं. त्याच्या आधीचं वाक्य असतं, "भाऊ नाहीत का?" भाऊ नाहीत. कधीच नव्हते. बोरीवलीला मंडईच्या मागच्या गल्लीत हे दहा बाय आठचं दुकान मी एकटी चालवते. वेल्डिंग मी करते, कथलाचा डाग मी देते आणि मीटरच्या दोन्ही सुयाही मीच धरते. एवढं ऐकून झालं की गिऱ्हाईक बॅटरी पुढे सरकवतं, पण चेहऱ्यावर 'बघू या बाईला जमतंय का' हा भाव राहतोच. मला आता त्याचा राग येत नाही. पूर्वी यायचा, आणि मग मी मुद्दाम स्क्रू जरा जोरात काढायचे.

तर बॅटरी मेलेली नसते. निदान आलेल्यांपैकी निम्म्या तरी जिवंत असतात. त्यांच्या आत बसलेल्या एका पट्टीने दार लावून घेतलेलं असतं, एवढंच. या अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, बॅटरीबद्दल कोण वाचणार हो? पण मला लिहायचंय ते खरं तर बॅटरीबद्दल नाहीच. त्या पट्टीबद्दल लिहायचंय. आणि मी ती एकदाच काढली, त्याबद्दल.

तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत ती पट्टी करंगळीच्या नखाएवढी असते. कागदोपत्री तिला लांबलचक इंग्रजी नावं आहेत, मोठ्या बॅटरीतलीला लोक बीएमएस म्हणतात. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या कारखान्यात लागले तिथे आम्ही लाईनवरच्या बायका तिला नुसतं पट्टी म्हणायचो. हिरव्या पत्र्यासारख्या तुकड्यावर एक काळा ठिपका, त्याच्या बाजूला दोन बारीक इलेक्ट्रॉनिक दारं. एक दार भरायच्या वाटेवर, दुसरं वापरायच्या वाटेवर. काळा ठिपका मोहरीपेक्षा जरा मोठा. अख्ख्या बॅटरीत विचार करणारी वस्तू म्हणजे तेवढीच.

ती काय विचार करते, ते आधी सांगते. लिथियमच्या सेलच्या पोटात दोन पातळ पत्रे असतात, एक तांब्याचा, एक ॲल्युमिनियमचा. दोघांवर लेप, मध्ये कागदाहून पातळ पडदा, आणि सगळं मिळून अळूवडीच्या उंड्यासारखं घट्ट गुंडाळलेलं. पडदा शाबूत आहे तोवर सगळं गोडीगुलाबीने चालतं. सेल प्रमाणाबाहेर भरला तर आत गॅस होतो, पोट फुगतं. प्रमाणाबाहेर रिकामा केला तर त्याहून वाईट, कारण मग आतलं तांबंच विरघळायला लागतं. ते पुढच्या भरण्याच्या वेळी नको तिथे जाऊन बसतं आणि एखादे दिवशी पडद्याला टोचतं. दोन्ही टोकं बाहेरून जुळली तर लगेच आग. पट्टीचं काम म्हणजे या सगळ्यावर लक्ष ठेवायचं. किती भरलं, किती उरलं, किती वेगाने जातंय, किती तापलंय. रेघ ओलांडली की दार बंद. टोकं जुळली तर ती इतक्या झटकन दार लावते, की आपली पापणी एकदा लवेपर्यंत तिचं शंभरदा लावून होईल.

मला हे पहिल्यांदा दाखवलं सावंतबाईंनी. त्या आमच्या लाईनच्या सुपरवायझर, मूळच्या मालवणकडच्या, गिरणी कामगाराची मुलगी. तसे आम्ही परबही गिरणीचेच, त्यामुळे त्यांनी मला पहिल्या दिवशीच 'चेडवा', म्हणजे घरची पोर, करून टाकलं. प्रत्येक टेबलाशेजारी एक वाळूची बादली असायची, आणि मला वाटायचं ती पान खाणाऱ्यांसाठी आहे. बाईंनी दोन सेल घेतले, एक पट्टीचा, एक बिनपट्टीचा. पट्टीच्या सेलच्या टोकांना तारेचा तुकडा लावला. काहीच झालं नाही. मी म्हटलं, हा बाद आहे वाटतं. बाई हसल्या. मग तोच तुकडा बिनपट्टीच्या सेलला लावला. तार आधी लाल झाली, मग पांढरी, मग तुटून पडली, आणि बाईंनी चिमट्याने सेल उचलून वाळूत खुपसला. वाळूतून तो बराच वेळ धुमसत होता.

"आता ह्या बघ," म्हणून बाईंनी पहिला सेल पुन्हा मीटरला लावला. तो ठणठणीत होता. "बाद म्हणालंस तू हेका. गो चेडवा, ह्यो राखणदार आसा. काय्येक झाला नाय, ह्याच तेचा काम. हेका जाग्यावरना हलवूचा नाय."

कोकणात राखणदार म्हणजे काय ते मी सांगायला नको. गावाच्या वेशीवर असतो, दिसत नाही, त्याला नारळ द्यायचा आणि त्याच्या वाटेत आडवं यायचं नाही. मी शिकलेली, डिप्लोमावाली, मला असल्या गोष्टींचं हसू यायचं. त्या दिवशी नाही आलं. आजही एखादी पट्टी भिंगाखाली धरली की अंगावर काटा येतो. एवढासा जीव, पाच-पाच वर्षं कोणाच्या खिशात, कोणाच्या उशाखाली पडून असतो, क्षणभरही नजर हलवत नाही, आणि त्याचं नावसुद्धा कोणाला माहीत नसतं. माणसाने बनवलेल्या वस्तूंमध्ये याहून प्रामाणिक वस्तू मी पाहिलेली नाही.

कारखाना पुढे बंद झाला, मी बोरीवलीत दुकान टाकलं. तेव्हा कळलं की बाहेरच्या जगात राखणदाराला कोणी विचारत नाही. उलट सगळ्यांना त्याची अडचण. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'डायरेक्ट'. पट्टी काढून टाकायची आणि सेलच्या तारा सरळ बाहेर जोडायच्या. पाच मिनिटांचं काम. गिऱ्हाईक खूष, कारण आता बॅटरी मध्येच बंद पडत नाही. शेवटच्या थेंबापर्यंत चालते आणि मग एकदाच काय ते करते.

मागच्या सोसायटीतल्या एका शहाकाकांची इलेक्ट्रिक स्कूटर पुलाच्या चढावर बंद पडायची. काका स्वतः भरभक्कम, मागे काकू, पुढे पिठाचा डबा. पट्टी म्हणायची एवढा भार मी ओढू देणार नाही. काका रोज यायचे, "सुमनबेन, डायरेक्ट करी नाखो ने!" मी म्हणायचे, "काका, डबा रिक्षाने पाठवा." शेवटी ते रुसून कुर्ल्याला जाऊन कोणाकडून तरी करून आले आणि मला दाखवायला मुद्दाम दुकानासमोरून तीन चकरा मारल्या. पुढे काय झालं ते लिहीत नाही, काकू माझी मैत्रीण आहे. स्कूटर फक्त जळली, माणसं नाही, एवढंच सांगते. तेव्हा मी सगळ्या गल्लीत मिरवले होते, बघा, मी नाही म्हटलं होतं. माझ्या दुकानात डायरेक्ट होत नाही म्हणजे नाही. तशी पाटीच लावली होती मी भिंतीवर.

ती पाटी भिंतीवर असतानाच मी धर्मा नाखव्याच्या बोटीची बॅटरी डायरेक्ट केली.

धर्मा नाखवा मढचा कोळी, बोटीचा मालक. मी त्याला ओळखत होते ते मंदामुळे. मंदा त्याची बायको, आमच्या मंडईत मासे विकते. वीस वर्षं मी तिच्याकडूनच बोंबील घेते आणि वीस वर्षं ती मला 'तू बामणासारखे धुतेस बोंबील' म्हणून ऐकवते. तिचा नवरा, मुलगा आणि दोन खलाशी 'धनलक्ष्मी' नावाच्या बोटीवर जातात. त्यांच्या केबिनचे दिवे, डोलकाठीवरचा दिवा, जीपीएस आणि वायरलेस यांच्यासाठी मी एक नवी बॅटरी बांधून दिली होती, चार मोठ्या सेलची, पत्र्याच्या खोक्यात बसवलेली. जुनी शिशाची बॅटरी उचलायला दोन माणसं लागायची, ही मंदाने टोपलीत घालून नेली. इंजिन चालू असलं की एक चार्जर तिला भरत राही. मला तिचा फार अभिमान वाटत होता. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती. नेताना मी मंदाला म्हटलं, "नवी आहे गं, पूजा कर हिची आधी. मगच बोटीत लाव."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या लक्षात ते जन्मभर राहणार आहे.

तीन आठवड्यांनी मंदा ऐन धंद्याच्या वेळी टोपली दुसरीवर सोपवून दुकानात आली. हातात खोका, चेहरा काळवंडलेला.

"सुमन गो, ही तुजी बाटरी बग. दोनदा दगा दिलान हिने. भर दरयान दिवा इझला, सगला इझला. मोटी बोट आमच्या अंगावरशी गेली. पोरगा टॉर्च हालवत बोंबलला म्हनून वाचलं."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. खोक्याच्या टोकांवर मीटर लावला तर आकडा चांगला. म्हटलं, ठेवून जा, दोन दिवसांत शोधून काढते.

"दोन दिस नाय. फाटेला बोट जायाची हाय. नाखवा बोल्ला, ती पट्टी काढून टाक. तीच बंद करते ना? काढ. आग लागली तर चारी बाजूनी पानी हाय. पन आंधार नको."

मी माझं ठरलेलं सगळं बोलून पाहिलं. ती ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांसमोर ती मोठी बोट होती. "तुज्या स्कूटरवाल्याचा येगला," ती म्हणाली, "तो बंद पडला तर रस्त्याच्या कडेला थांबल. माझा पोरगा खय थांबल?"

बंद करणं म्हणजे वाचवणं, हे जमिनीवर ठीक आहे. समुद्रात बंद करणं हाच धोका. मला खरंच तसं वाटलं, आणि अजूनही त्यातला काही भाग खरा आहे. शिवाय त्या पट्ट्यांची खेप जरा स्वस्तातली होती, माझ्या मनात तिच्याबद्दल आधीपासूनच किंतु होता. म्हटलं, पट्टीच बिघडली असणार, खोटं बोलत असणार. नवी पट्टी चार दिवसांत येईल, तोवर एक फेरा काय होतंय?

इथे मी जे करायला हवं होतं ते अगदी साधं होतं. खोक्यात चार सेल, म्हणजे चार घरं. प्रत्येक घरावर वेगळा मीटर लावायचा. मी कारखान्यात नव्या मुलींना हेच शिकवायचे, एकूण आकड्यावर विश्वास ठेवू नका, चारी घरांत डोकावून या. पण त्यासाठी वरचा इन्सुलेशनचा कागद उचलावा लागला असता, तो चिकटवलेला होता, आणि मंदा दारात उभी राहून घड्याळ बघत होती. मी बाजूचं झाकण काढलं, पट्टी सोडवली, तारा सरळ जोडल्या, झाकण लावलं. पाच मिनिटं. मंदाने माझे दोन्ही हात धरले आणि खोका टोपलीत घालून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुकान उघडलं तेव्हा ती पट्टी टेबलावर पडलेली होती. फेकून द्यायच्या आधी बघू तरी काय बिघडलंय, म्हणून मी तिला चार नव्या सेलना जोडलं. दिवा लावला, चालला. एक सेल मुद्दाम रिकामा करत नेला, तर बरोबर रेघेवर दार बंद. भरत नेला, पुन्हा बरोबर रेघेवर बंद. टोकं जुळवली, बंद. तीन-तीनदा करून पाहिलं. पट्टी ठणठणीत होती.

पट्टी खोटं बोलत नव्हती. म्हणजे ती जे सांगत होती ते खरं होतं, आणि मी तिलाच काढून बाहेर ठेवली होती.

भिंगाखाली धरली तेव्हा दिसलं. दुसऱ्या घरापासून येणाऱ्या तारेच्या टोकावर हिरवट बुरशीसारखा थर. त्यात एक बारीक काथ्याचा धागा. आणि किंचित पिवळं. मी ते नखाने खरवडून वास घेतला. आंबलेल्या नारळाचा वास होता.

मंदाला मंडईत फोन लावला. "मंदा, पौर्णिमेला नारळ कुठे फोडलात?"

"दरयाला दिला."

"तो नाही. बॅटरीची पूजा केलीत, तेव्हा?"

"नाखव्याने हलद-कुकू लावला न पयला नारल तिच्याच खोक्याच्या कोपऱ्यावर फोडला. मानाची ना ती, नवी. तूच सांगलंस ना पूजा कर? कनाला इचारतेस?"

मी तिला दुकानात बोलावलं आणि सांगितलं. हे सांगणं मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत केलं, तुम्हालाही तसंच सांगते. नारळाचं पाणी स्क्रूच्या भोकातून आत गेलं आणि दुसऱ्या घराच्या दोन टोकांमध्ये कागदाखाली जाऊन बसलं. त्यात क्षार असतात. त्या ओलसर वाटेने ते एक घर हळूहळू गळत राहिलं. बाकीची तीन भरलेली, हे एक रिकामं. पट्टीला तेच दिसत होतं आणि म्हणून ती दार लावत होती. आता पट्टी नाही. चार्जरला चारी घरं वेगळी दिसत नाहीत, त्याला एकूण ताट दिसतं. चार भावंडांना मिळून एका ताटात वाढलं, एक आजारी पडून जेवेनासं झालं, आणि आईने ताट संपवायचा हट्ट धरला, तर त्याच्या वाटचं बाकी तिघांच्या पोटात जाणार. ती तीन घरं आता प्रमाणाबाहेर भरत होती. इंजिन चालू होऊन पाच-सहा तास झाले होते.

"म्हंजे?" मंदाने विचारलं.

"म्हणजे ती फुगेल. मग फुटून धूर सोडेल. तो धूर पेट घेतो." मी विचारलं, "खोका कुठे ठेवलाय?"

"केबिनीन. इस्टोच्या बाजूला."

मंडईतली तिची टोपली तशीच सोडून आम्ही दोघी रिक्षाने मढला निघालो. मार्वे रोडला शूटिंगच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता, कुठल्याशा बंगल्यात लग्नाचं दृश्य चाललं होतं. मंदा रिक्षातून उतरली आणि तिथल्या माणसावर अशी काही ओरडली की दोन व्हॅनिटी व्हॅन मागे सरकल्या.

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात वायरलेसचा संच आहे. तिथल्या पाटलांनी 'धनलक्ष्मी'ला हाका मारायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटं काही नाही, नुसती खरखर. मग मधल्या एका बोटीने निरोप पुढे दिला, आणि धर्मा नाखवा बोलला. लांबून, पण स्पष्ट. तो बोलत होता त्या वायरलेसला वीज कुठून मिळत होती, हे माझ्या त्याच क्षणी ध्यानात आलं. आवाज त्याच बॅटरीचा होता.

मी माईक घेतला. "नाखवा, मी सुमन परब. आधी स्टोव्ह विझवा. चार्जरची वायर काढा. मग बॅटरीच्या दोन्ही वायरी. खोका गोणपाटात धरून बाहेर मागच्या बाजूला उघड्यावर ठेवा आणि सगळे पुढे जाऊन बसा. झाकण उघडू नका."

खरखर. मग आवाज, "वायरी काडल्या तर वायरलेस बंद व्हईल."

"हो."

"दिवा बी."

"हो. चूक माझी आहे, नाखवा. काढा."

पुन्हा खरखर. मग, "समजला. काडतो." आणि एक टक् आवाज होऊन सगळं शांत झालं.

त्यानंतरचे जवळजवळ चोवीस तास कसे गेले ते मला लिहिता येणार नाही, आणि मी लिहायचा प्रयत्नही करत नाही. मंदाने मला घरी नेलं, भात वाढला, स्वतः जेवली नाही. जायला सांगितलं नाही आणि थांबायलाही नाही. एकदाच बोलली. भांडी घासता घासता, मान वर न करता म्हणाली, "मी जानकार नव्हते गो. तू व्हतीस."

एवढंच. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली, दुसऱ्या एका बोटीच्या मागे मागे. चारही माणसं उभी होती. ती दिसली तेव्हा मी बंदरावरच्या वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठीला धरून रडले, सगळ्यांदेखत. धर्मा नाखव्याने खोका गोणपाटासकट आणून माझ्यासमोर ठेवला. पत्रा चारी बाजूंनी फुगून गोल झाला होता. तो म्हणाला, निरोप आला तेव्हा स्टोव्हवर भात शिजत होता आणि खोका हात लावता येणार नाही इतका तापला होता. बाहेर ठेवल्यावर तासाभराने फुस्स करून पांढरा धूर निघाला, बराच वेळ निघत होता. वाऱ्याने तो समुद्रावर नेला. इंजिनाची वेगळी बॅटरी होती, पण त्यानंतर तिच्यावर दुसरं काही जोडायची कोणाची छाती झाली नाही.

मी खिशातून पट्टी काढली. कशासाठी आणली होती कोण जाणे, आदल्या सकाळपासून तिथेच होती. नाखव्याने ती तळहातावर घेतली. त्याचा तळहात भाकरीएवढा, ही दोन बोटांएवढी.

"ह्या काय?" तो म्हणाला. "ह्या यवडासा सगला बगत व्हता?"

"हो."

"मी त्याच्या डोक्यावर नारल फोडला, न मीच सांगला ह्याला काडा." त्याने चप्पल काढून पट्टी कपाळाला लावली, देवळातलं फूल लावतात तशी. मग मंदाकडे वळून म्हणाला, "हिला बोलू नको. माझा बी हात हाय त्यान."

"तू नाखवा हायस," मंदा म्हणाली. "बाटरीवाला नाय." आणि ती निघून गेली.

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मंडईत मी तिच्यासमोर उभी राहिले तर ती शेजारणीला सांगायची, "हिला दे काय पायजे ता." बोट जुन्या शिशाच्या बॅटरीवर चालत होती. मी भिंतीवरची पाटी काढून टाकली, कारण ती वाचायची मला लाज वाटत होती. खंडेनवमीला दरवर्षीप्रमाणे हत्यारं मांडली, वेल्डिंगचं मशीन, मीटर, चिमटे. मधोमध ती पट्टी ठेवली. हळद-कुंकू लावायला हात पुढे केला आणि थांबले. कोरडं फूल वाहिलं फक्त.

मागे मंदा उभी होती. किती वेळ ते माहीत नाही.

"नवी बांदून दे," ती म्हणाली. "पट्टी लावून. न चारी घरा वरशी दिसतील अशी. न त्यो मीटर मना शिकव."

मी खोक्याला वरून चार पितळी टोकं काढून दिली, रबराची झाकणं लावून, पाण्याचा थेंब जाणार नाही अशी. नाखव्याने अट घातली की पट्टीने दार लावलंच तर डोलकाठीचा दिवा तरी जळायला हवा. मी म्हटलं, बरोबर आहे, आणि त्याच्यासाठी वेगळी लहान बॅटरी बांधली, तिची पट्टी वेगळी. हे मला मंदाने पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सुचायला हवं होतं. मंदा तीन दुपारी दुकानात बसून मीटर शिकली. लाल सुई कुठे, काळी कुठे. माशांचा वास दुकानाला आठवडाभर होता, पण गिऱ्हाइकांनी त्या दिवसांत 'भाऊ नाहीत का' असं एकदाही विचारलं नाही.

आता 'धनलक्ष्मी' निघायच्या आधी माझा फोन वाजतो. मंदा बोटीवर असते, मागे इंजिनाचा आवाज, माणसांची गडबड.

"पयला तीन तेहेतीस," ती एकेका घराचे व्होल्ट वाचते. "दुसरा तीन तेहेतीस. तिसरा तीन तेहेतीस." मग पुन्हा मोजते. "चवथा तीन बत्तीस. एकान कमी हाय गो."

"एकाने चालतं."

"नक्की ना?"

टेबलावर ती जुनी पट्टी असते, मी तिच्याकडे एकदा बघते. मग म्हणते, "जाऊ दे."

आणि मंदा तिकडे वळून मोठ्याने ओरडते, "सोर रे दोर, सुमन बोल्ली!"